मांडीवर टिकणारा टॅब्लेट

टॅब्लेटला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप तयार, असं वाटतं. पण खरी अडचण तोलाची आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि प्रोसेसर कीबोर्डखाली असतात, म्हणून तो मागे कलंडत नाही. टॅब्लेटचं सगळं वजन पडद्यामागेच.

मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये पहिल्या सरफेस टॅब्लेटच्या पाठीलाच घडीचा स्टँड दिला. तो एकाच कोनात उभा राही. 2014 च्या सरफेस प्रो 3 मध्ये घर्षणावर चालणारी बिजागरी आली आणि स्टँड हव्या त्या कोनात थांबू लागला.

कीबोर्डही सुधारला. त्याच्या वरच्या कडेची चुंबकपट्टी दुमडून पडद्याच्या खालच्या काठाला चिकटते. त्यामुळे कीबोर्ड किंचित उतरता होतो, सांधा डगमगत नाही. मांडीवर टाइप करताना हा फरक लगेच जाणवतो. तरी स्टँडला मागे जागा लागतेच. बसच्या सीटवर पंचाईत होते.

ॲपलने 2020 मध्ये वेगळी वाट धरली. मॅजिक कीबोर्डवर आयपॅड अधांतरी दिसतो, मागे स्टँड लागत नाही. त्याची किंमत वजनात मोजावी लागली: तेव्हाच्या 12.9 इंची आयपॅड प्रोचा कीबोर्ड खुद्द आयपॅडपेक्षा जड होता.

म्हणूनच खरेदीआधी दुकानात कीबोर्ड जोडलेला टॅब्लेट टेबलावर नव्हे, मांडीवर ठेवून चार ओळी टाइप करून पाहाव्यात.