डोंगर पोकळ आहे, हे कळतं कसं?

१८८१ साली अमेरिकेतल्या ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांत टॉम आणि जेसी बिंगहॅम हे दोघे भाऊ हिंडत होते. कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. आवाजाचा माग काढत गेले, तर जमिनीत एक भोक. मोठी कळशीसुद्धा आत गेली नसती, एवढंच. आणि त्यातून वारा असा उसळत होता की वाकून बघणाऱ्या टॉमची टोपी उडाली. काही दिवसांनी जेसी मित्रांना हे नवल दाखवायला घेऊन आला आणि त्यानं टोपी भोकावर धरली. पण वारा उलटला होता. टोपी आत ओढली गेली, ती गेलीच! ही गोष्ट तिथे आजही अशीच सांगतात.

त्या भोकाच्या आत आज २५० किलोमीटरहून लांब भुयारांचं जाळं नकाशावर आलं आहे. ‘विंड केव्ह’, वाऱ्याची गुहा. तिथल्या लाकोटा लोकांना ही जागा बिंगहॅम बंधूंच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. त्यांच्या कथेत माणसं याच भोकातून पृथ्वीवर आली.

पण जमीन श्वास घेते कशी? तुम्ही घाट चढताना गाडीत वेफर्सचं पाकीट ठेवलं असेल, तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. वर जावं तसं पाकीट टम्म फुगतं. आतली हवा तेवढीच असते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो. आता त्या पाकिटाला टाचणीनं भोक पाडा. हवा सूं करत बाहेर येईल. गुहा म्हणजे असंच एक अवाढव्य, दगडी पाकीट. फरक इतकाच, की ते घाट चढत नाही. हवामान बदलतं आणि बाहेरचा दाब आपोआप खालीवर होतो. दाब उतरला की गुहा उच्छ्वास टाकते, चढला की श्वास ओढते.

आणि आता खरी गंमत. भोकातून किती हवा आली-गेली आणि त्या वेळी दाब किती बदलला, हे मोजलं तर आत एकूण पोकळी किती असावी याचा अंदाज बांधता येतो. आत पाऊल न टाकता! विंड केव्हच्या बाबतीत असा हिशोब मांडला, तेव्हा निघालं की माणूस जिथवर पोचला आहे तो भाग एकूण पोकळीचा अगदी लहानसा तुकडा आहे. बाकीची गुहा फक्त वाऱ्यातून आपलं अस्तित्व कळवते आहे.

दुसऱ्या जातीचा श्वास ऋतूंवर चालतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं ना? पाणी फारसं बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. गुहेतली हवाही तशीच, वर्षभर जवळपास एकाच तापमानाची. डोंगराला वर एक आणि खाली एक तोंड असेल, तर थंडीत आतली उबदार, हलकी हवा धुराड्यासारखी वरच्या तोंडातून निघते. उन्हाळ्यात गार, जड हवा खालच्या तोंडातून गळते. म्हणून बर्फाच्या मुलखात गुहा शोधणारे थंडीत उतार न्याहाळतात. सगळीकडे पांढरं असताना एखाद्या ठिकाणी बर्फाला भोक पडलेलं, वर वाफेची पुसट रेघ. आणि जिथे झुळूक इतकी बारीक असते की गालालाही कळत नाही, तिथे अगरबत्ती पेटवून धूर कुठे वळतो ते बघतात.

एका झुळकेनं काय हाती लागू शकतं, पाहा. १८ डिसेंबर १९९४. दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यावर तिघं गुहाशोधक एका अरुंद कपारीत शिरले. शेवटी दगडांचा ढीग, वाट बंद. पण त्या ढिगातून हवेचा अगदी हलका ओघ येत होता. त्यांनी दगड एकेक करून उपसले, फटीतून पुढे सरकले आणि खाली उतरले. तिथे दिव्याच्या उजेडात भिंतीवर गेंडे, सिंह, घोडे, अस्वलं! शोवे गुहेतली ही चित्रं. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची. मूळ तोंड कडा कोसळून वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच बुजलं होतं. माणूस येणं थांबलं, उजेड थांबला, पण हवा येत-जात राहिली.

व्हिएतनाममध्ये तर गुहेनं ढगच सोडले. १९९०च्या सुमारास फोंग न्हा-के बांग भागातल्या रानात हो खान हा गावकरी वादळात एका कड्याच्या आडोशाला थांबला. मागच्या भोकातून धुकं लोटत होतं आणि आतून नदीची गर्जना येत होती. तो घाबरून निघून गेला आणि पुढे ती वाटही विसरला. ब्रिटिश गुहाशोधकांना हे कळल्यावर त्यांनी त्याला ती गुहा पुन्हा शोधायची गळ घातली. २००८मध्ये ती त्याला पुन्हा सापडली आणि २००९मध्ये तो त्यांना तिथे घेऊन गेला. ती निघाली सोन दोंग, आजवर माहीत असलेली जगातली सर्वांत प्रशस्त गुहा. लांबी पाच किलोमीटरहून जास्त, काही ठिकाणी छत दोनशे मीटर उंच. आत नदी, आणि छत कोसळलं आहे तिथे उजेडात उगवलेलं अख्खं जंगल. इतकी मोठी गोष्ट रानात हरवू शकते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

एवढ्या पोकळ्या पाडतं कोण? घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर लिंबाचा थेंब सांडून पाहा. (घरातल्यांची परवानगी घेऊन!) बारीक फेस येतो आणि डाग उरतो. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आंबट पाण्यात तो विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आंबट होतं, अगदी पातळ सोडावॉटर. ते फटीत शिरतं, फट रुंदावते, म्हणून आणखी पाणी शिरतं. एवढंच. घाई नाही, हजारो-लाखो वर्षं हातात आहेत.

म्हणूनच आपल्या सह्याद्रीत अशी मैलोन्‌मैल भुयारं नाहीत. आपला काळा कातळ लाव्हारसाचा, त्याला लिंबूपाण्याची पर्वा नाही. इथे पाण्यानं जे केलं नाही ते छिन्नी-हातोड्यानं केलं, आणि कार्ले-अजिंठ्याला पोकळ्या झाल्या. मात्र मेघालयात चुनखडी आहे आणि वर चेरापुंजीचा पाऊस. हा योग जुळल्यावर काय होणार? खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९२पासून स्थानिक आणि परदेशी गुहाशोधक कोरड्या महिन्यांत तिथे एकेक क्रेम मोजत आले आहेत. शेकडो किलोमीटर भुयारं नकाशावर आली, तरी काम संपलेलं नाही. त्यातलीच क्रेम पुरी चुनखडीत नाही, वाळूच्या दगडात आहे आणि सुमारे साडेचोवीस किलोमीटर लांब आहे. या दगडातली जगातली सर्वांत लांब गुहा. तर मॉमलुह गुहेतल्या एका चुनखांबाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची नोंद इतकी स्वच्छ मिळाली, की २०१८मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं. तुम्ही-आम्ही मेघालयन युगात जगतो आहोत, एका गुहेमुळे!

वारा जसा चुगली करतो, तसं पाणीही करतं. जर्मनीत डॅन्यूब नदी एके ठिकाणी पात्रातच जिरते. वर्षातले बरेच दिवस पुढे कोरडे गोटे. पाणी जातं कुठे? १८७७मध्ये अडॉल्फ क्नोप या भूशास्त्रज्ञानं तिथे १० किलो चमकता हिरवा रंग, २० टन मीठ आणि १,२०० किलो खनिज तेल ओतलं. साठेक तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून हिरवंगार, खारट, डांबरासारख्या चवीचं पाणी उसळलं. डोंगर आतून जोडलेला आहे, याहून सणसणीत पुरावा कुठला? आणि गंमत अशी, की डॅन्यूब जाते काळ्या समुद्राला, तर आखचं पाणी ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राला. एकच नदी डोंगराच्या पोटात घर बदलते.

निसर्गाच्या पोकळ्या अशा सापडतात. पण माणसानं पाडलेल्या, रानानं पुन्हा झाकून टाकलेल्या खाणी? तिथे खुणा वेगळ्या. लोहयुक्त खनिजं उघड्यावर गंजतात, म्हणून डोंगराला तांबूस-तपकिरी टोपी चढते. झाडंही बोलतात. मध्य आफ्रिकेत एक झुडूप तांब्यानं भरलेल्या, बाकी वनस्पतींना विषारी अशा जमिनीत फुलतं. तांबं शोधणारे त्या निळसर फुलांच्या मागे गेले. ते झुडूप कोण? आपल्या तुळशीचं भावंड, तिच्याच कुळीतलं! पण सगळ्यांत बोलका असतो कचरा. धातू गाळणारे मळीचे ढीग मागे सोडतात आणि ती मळी शतकानुशतकं तशीच राहते.

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या कुशीत जावर आहे, जस्ताच्या जुन्या खाणींचं गाव. तिथला कचरा पाहूनच मी थक्क होते. टेकाडंच्या टेकाडं, आणि ती मातीची नाहीत, भाजलेल्या मातीच्या लांबट नळकांड्यांची आहेत. एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला निमुळती, हुबेहूब वांगी. आणि ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथात जस्त काढायच्या मुशीचं, म्हणजे मातीच्या भांड्याचं, नाव काय आहे? वृंताक मूषा. वृंताक म्हणजे वांगं! ग्रंथातला शब्द आणि डोंगरातला ढीग असे समोरासमोर येऊन उभे राहतात.

१९८०च्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम इथल्या अभ्यासकांनी मिळून जावर उकरलं. जुन्या खाणींत भिंती गोलसर, गुळगुळीत निघाल्या, तळाशी राख आणि कोळसा. सुरुंग नव्हतेच, कातळाशी जाळ करून तो तडकवत माणसं आत शिरली होती. आधाराला लावलेली लाकडं अजून उभी होती आणि तपासात ती दोन हजार वर्षांहून जुनी ठरली. (अशा जुन्या खाणीत कुणी हौसेनं उतरू नये. लाकूड कुजलेलं असतं, तळाशी प्राणवायू नसू शकतो, आणि तो नाही हे शरीराला वेळेत कळत नाही.)

वरती, वस्तीजवळ, ओळीनं सात भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. प्रत्येकीत ३६ मुशी. इथे थांबून जस्ताचा स्वभाव समजून घ्यायला हवा, त्याशिवाय या कारागिरांची करामत कळणार नाही. लोखंड किंवा तांबं भट्टीत वितळून खाली साचतं. जस्ताला ते जमत नाही. खनिजातून ते सुटायला सुमारे हजार अंशांची आच लागते, पण ते ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफ होऊन! आणि त्या वाफेला हवा लागली की पांढरी भुकटी, धातू गेला. घरातल्या समईचं पितळ ज्याच्याशिवाय होत नाही, ते जस्त असं निसटणारं.

मग पकडायचं कसं? भाताच्या झाकणाखाली वाफेचं पाणी होतं, ते तुम्ही रोज पाहता. जावरच्या लोकांनी तेच केलं, पण उलटं टांगून. खनिज दळून, भाजून, त्यात कोळसा आणि मीठ वगैरे मळून लहान गोळ्या वळल्या. त्या मुशीत भरल्या, तोंडाला मातीची नळी जोडली आणि मूस उलटी केली, तोंड खाली. भोकांच्या विटेवर, चाळणीवर ठेवाव्यात तशा ३६ मुशी. आच वर, गारवा खाली. वाफेला जायला एकच वाट, खालची. तिथे हवा नाही आणि थंडावा आहे. थेंब थेंब जस्त खालच्या भांड्यात.

पण मूस उलटी केल्यावर गोळ्या खाली सांडत कशा नाहीत? त्यासाठी तोंडातून मध्यभागी एक काडी खोवलेली असे. काडी गोळ्या धरून ठेवी. भट्टी तापेपर्यंत गोळ्या एकमेकींना चिकटत, काडी जळून जाई आणि तिच्या जागी उरलेल्या पोकळीतून वाफ उतरे. नको असेल तेव्हा आपणहून नाहीसं होणारं बूच! हे ज्यांना सुचलं त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. मोठ्या प्रमाणावर हे काम तेराव्या-चौदाव्या शतकापासून चालू होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, आणि त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरत होती.

जावरची मूस एकदाच वापरात येई. वापरलेल्या मुशी इतक्या साचल्या, की लोकांनी त्या विटांसारख्या रचून घरांच्या आणि बांधांच्या भिंती उभ्या केल्या. त्यातली एखादी फुटकी मूस उचलून आत पाहिलं, तर जळका गाळ अजून चिकटलेला दिसतो. त्यात वळलेल्या गोळ्या वेगवेगळ्या ओळखू येतात आणि मधोमध काडीएवढं भोक आहे.