नकाशातील रंग आणि आपली वस्ती

गावाचा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता. तरी आपली वस्ती गावकुसाबाहेरच असावी, हे ठरलेले होते. शहराची रचना मात्र कागदावर होते. ती १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार चालते. जळगाव आणि धुळे येथे हे काम २००३ साली स्थापन झालेल्या महापालिकांचे आहे.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती मागविल्या जातात. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य व नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. अंतिम मंजुरी शासनाची.

शेती विभागातली जमीन निवासी विभागात आली की तिचा भाव चढतो. म्हणून जमीनवाले नकाशा वाचायला शिकतात. शाळा वा मैदानासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देतो. पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. मालकाची जमीन मोकळी होते. मैदान वस्तीतल्या पोरांचे जाते. त्यांना विचारावे, अशी तरतूद त्या कलमात नाही.

म्हणूनच प्रारूपाच्या वेळी जागे राहिले पाहिजे. हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. त्यासाठी सातबारा लागत नाही. लागतो तो मुदतीत दिलेला लेखी अर्ज. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी नकाशा समाजमंदिरात लावावा, आपले घर कोणत्या रंगात आहे ते म्हाताऱ्यांना दाखवावे आणि अर्ज लिहायला बसावे.