खत कोणाच्या मुखी पडते?

खत हा एक विषय आणि तण हा दुसरा, अशी विभागणी आपण सहज करीत असतो. प्रत्यक्ष शेतात मात्र अशी सीमारेषा नाही. दिलेले खत ज्याच्या मुळांना आधी सापडते, त्याचे ते होते.

बंगळूरच्या आसमंतातील तांबडी, वाळूमिश्रित जमीन या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. तिच्यात सेंद्रिय द्रव्य थोडे. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्तीही बेताचीच. जोराचा पाऊस झाला की नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. येथील कोरडवाहू शेतीचे मुख्य पीक नाचणी. तिचे रोप आरंभी सावकाश वाढते आणि पहिल्या महिन्यातच तण त्यावर मात करू पाहते. नाचणीचा एक रानटी भाऊबंद तर तिच्यात असा बेमालूम मिसळतो की, कणीस येईपर्यंत तो ओळखूही येत नाही.

अशा शेतात पेरणीच्या वेळी सगळे नत्र फेकून दिले, तर काही पावसाबरोबर जाते, काही तणाला मिळते आणि उरलेसुरले पिकाच्या वाट्यास येते. म्हणून खत पाभरीने बियांच्या ओळीलगत पेरावे आणि नत्राचा दुसरा हप्ता कोळपणी-खुरपणी झाल्यावरच द्यावा. ओळीत पेरलेल्या पिकात, ओळीबाहेर उगवलेला तो रानटी सोयराही चटकन उघडा पडतो.

शेणखताची गोष्टही अशीच. गुरांनी खाल्लेल्या तणाचे काही बी शेणातून जिवंतच बाहेर पडते. ढीग चांगला तापून कुजला, तर ते मरते. अर्धकच्चे खत मात्र शेतात तणाची पेरणीच करते. तथापि शेणखत टाळून भागत नाही. येथील कृषी विद्यापीठात 1978 साली सुरू झालेल्या नाचणीच्या दीर्घकालीन प्रयोगात, हेक्टरी 10 टन शेणखत आणि शिफारशीची रासायनिक खते एकत्र दिली तेव्हाच सर्वाधिक उत्पन्न आले.

मग खतच न देता तणाला उपाशी ठेवले तर? महाराष्ट्रातील ज्वारीचा शत्रू टारफुला याचे उत्तर देतो. नत्र-स्फुरदाची उपासमार झाली की ज्वारीची मुळे एक द्रव्य अधिक स्रवतात. ही हाक असते मातीतील उपकारक बुरशीला. 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी अशा द्रव्याचे हे कार्य उघडकीस आणले. परंतु तीच हाक ऐकून टारफुल्याचे बी जागे होते आणि ज्वारीच्या मुळांना चिकटते. जमिनीचे दारिद्र्यच येथे तणाला आमंत्रण देते.

‘तण खाई धन’ ही म्हण खरीच. पण ते धन तणाच्या मुखी जावे की पिकाच्या, हे पुष्कळसे आपण ते केव्हा, कोठे आणि कसे देतो यावर अवलंबून असते. ज्या शेतकऱ्याला खताची एक गोणी घेतानाही विचार करावा लागतो, त्याच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.