लॅपटॉप बंद पडला, तरी खाते शाबूत असू शकते

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांनी लाल खातेवही केव्हाच बाजूला ठेवली असून उधारी, येणे-देणे, मालाचा साठा व जीएसटीची बिले आता लॅपटॉपमध्ये असतात. भरतकामाचे कारागीर आपली डिझाइने व भिवंडी-मालेगावचे कारखानदार आपला हिशेब त्यातच ठेवतात. कुरआनच्या सूरह बकरामधील 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्या यंत्रात हे लिहिले ते यंत्रच एके दिवशी सुरू झाले नाही तर?

आमच्या परिचयाच्या एका कापड दुकानदारावर हा प्रसंग रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आला. ईदची उधारी वसूल करायची, जकातीचा हिशेब काढायचा आणि लॅपटॉप काळाठिक्कर. दुरुस्तीवाल्याने "फॉरमॅट करून देतो" असे सांगितले आणि त्यांनी घाईत होकार दिला. यंत्र दुसऱ्या दिवशी झकास सुरू झाले, पण तीन वर्षांचे खाते गेले. वास्तविक बिघाड डिस्कमध्ये नव्हताच.

लॅपटॉप बंद पडणे म्हणजे माहिती नष्ट होणे नव्हे, एवढे समजून घेतले पाहिजे. पडदा, बॅटरी, मदरबोर्ड किंवा विंडोज बिघडली तरी माहिती साठवणारी डिस्क पुष्कळदा चांगली असते. ती पेनड्राइव्हप्रमाणे दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र त्याआधी एक साधी गोष्ट पाहावी. यंत्राचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल, तर एचडीएमआय वायरने ते घरातल्या टीव्हीला जोडून पाहावे. चित्र दिसले की खोलाखोल करण्याची गरजच नाही.

पुष्कळांचा समज असा की, दोन लॅपटॉप यूएसबीच्या वायरने एकमेकांस जोडले की एकात दुसऱ्याची डिस्क दिसू लागेल. मोबाइल जोडल्यावर दिसतो म्हणून हा समज होतो. पण विंडोजच्या सामान्य लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट दुसऱ्याला हुकूम देणारे असतात, हुकूम ऐकणारे नव्हेत. दोघेही मालक, नोकर कोणीच नाही, मग काम होणार कसे? दोन्हीकडे सारखेच चौकोनी तोंड असलेली साधी वायर तर लावूच नये. दोन्ही बाजूंनी वीज येऊन पोर्ट जळण्याचा धोका असतो. मध्ये चिप असलेली ट्रान्सफर केबल बाजारात मिळते, पण तिला दोन्ही यंत्रे चालू लागतात.

अॅपलच्या मॅक यंत्रांची गोष्ट निराळी आहे. 1991 साली आलेल्या पॉवरबुक 100 मध्येच ते यंत्र दुसऱ्या मॅकला डिस्क म्हणून जोडण्याची सोय होती. पुढे तिला टार्गेट डिस्क मोड हे नाव पडले. इंटेल प्रोसेसरचा मॅक असेल तर सुरू करताना टी हे बटण दाबून धरावे व थंडरबोल्ट वायरने तो दुसऱ्या मॅकला जोडावा. पडद्यावर खूण उमटते आणि डिस्क पलीकडे दिसते. 2020 पासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या यंत्रात पॉवरचे बटण दाबून धरून ऑप्शन्समध्ये जावे लागते व तेथील युटिलिटीजमध्ये शेअर डिस्क निवडावे लागते. मग हा मॅक पलीकडच्या मॅकच्या नेटवर्कमध्ये दिसतो. चार्जरसोबतच्या वायरवर विसंबू नये, कारण माहिती वाहण्यासाठी ती नेहमीच चालते असे नाही. यंत्रात अजिबात जीव नसेल तर मात्र या सोयीचा उपयोग नाही. शिवाय विंडोजला मॅकची डिस्क वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येत नाही. उलट, मॅक विंडोजची डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. आपल्याला नक्कलच काढायची असल्याने तेवढे पुरते.

आपल्या दुकानांत बहुतेक ठिकाणी विंडोजच असते, तेव्हा डिस्क बाहेर काढणे हाच सरळ मार्ग. अॅडाप्टर काढावा, बॅटरी सोडवावी, मग डिस्क अलगद काढावी. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तिचे यूएसबी केसिंग काही शे रुपयांत मिळते. नव्या यंत्रांत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.2 एसएसडी असते आणि येथे फसगत होते. तिचे साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत व दोघांची केसिंग वेगळी. दुकानात पट्टीच घेऊन जावे आणि तिच्यावर काय छापले आहे ते दाखवावे. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये व नव्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डावरच झाळलेली असते. तेथे हा उपाय चालत नाही, जाणकाराकडेच जावे लागते.

डिस्क जोडल्यावर "फॉरमॅट करायची का?" असा प्रश्न पडद्यावर आला, तर तेथे हो म्हणणे म्हणजे आपल्या हाताने वही चुलीत घालणे. रद्द करावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब काढून ठेवावी, पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. फोल्डर उघडण्यास परवानगी नाही असे आले तर कंटिन्यू दाबावे. टॅलीची माहिती सहसा सी ड्राइव्हच्या युजर्समधील पब्लिक या फोल्डरात, टॅलीच्या नावाखाली डेटा फोल्डरमध्ये असते. आत आकड्यांच्या नावाची फोल्डरे असतात, प्रत्येक कंपनीचे एक. संपूर्ण डेटा फोल्डर उचलावे, आणि ते कापून नव्हे, कॉपी करून घ्यावे.

आता एक अडथळा असा, जो दहा वर्षांपूर्वी फारसा नव्हता. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. अशी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की 48 अंकी बिटलॉकर किल्ली मागते. ही किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण खाते उघडून दिलेला मुलगा किंवा दुकानदार ईमेल व पासवर्ड विसरला असेल, तर चांगली डिस्कही दगडच. यंत्र चालू आहे तोवर खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी व तो कागद घरी, दुकानाबाहेर ठेवावा.

यंत्र दुरुस्तीला द्यायचेच असेल, तर शक्य तेथे डिस्क काढून घेऊन द्यावे. त्यात गिऱ्हाइकांची नावे, त्यांची कर्जे, घरच्या मंडळींची छायाचित्रे असतात. गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे, अनोळखी टेबलावर उघडी टाकण्याची वस्तू नव्हे. डिस्क काढणे जमत नसेल तर पावतीवर "फॉरमॅट करू नये" असे लिहून त्यावर दुरुस्तीवाल्याची सही घ्यावी. वर सांगितलेले आमचे दुकानदार आता तसेच करतात. गेलेली उधारी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारून पुन्हा लिहून काढली. बहुतेकांनी खरा आकडा सांगितला, काहींना तो आठवला नाही.