जागा एक, यष्टिरक्षक दोन

मुलांनो, रत्नागिरीत शाळेचा क्रिकेट संघ निवडताना आपण गोलंदाज चार-पाच घेतो; पण यष्टिरक्षक एकच असतो. मग एका वर्षी चांगला यष्टिरक्षक मिळाला, तर पुढच्याच वर्षी दुसरा निवडावा काय?

भारतीय संघापुढेही हा प्रश्न आला होता. १९६० साली बुधी कुंदरन पहिला कसोटी सामना खेळले. १९६१ साली मुंबईच्या फारूख इंजिनियर यांची निवड झाली. दोघेही चपळ यष्टिरक्षक आणि धडाकेबाज फलंदाज. जागा मात्र एकच!

जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध इंजिनियर ऐनवेळी खेळू शकले नाहीत. कुंदरन यांना संधी मिळाली आणि त्यांनी १९२ धावा काढल्या. दुसरा खेळाडू तयार होता, म्हणूनच हे घडले.

पण याची दुसरी बाजूही पाहा. इंजिनियर ४६ कसोटी सामने खेळले, कुंदरन केवळ १८. १९६७ साली इंग्लंडमध्ये एजबॅस्टन येथे दोघे एकत्र खेळले, तेव्हा कुंदरन यांनी चक्क डावाच्या आरंभी गोलंदाजी केली!

म्हणून दुसरा यष्टिरक्षक जरूर निवडावा. पण त्याला नुसते बसवून ठेवू नये. सराव सामन्यांत आळीपाळीने दोघांना संधी द्यावी. फलंदाजी चांगली असेल, तर दोघांनाही खेळवावे.

आणि तुम्ही स्वतः तो दुसरा खेळाडू असाल तर? सराव सोडू नका. तुमची पाळी न सांगता येते.