दुखरी पाठ आणि पोहणे

पाण्यातले वजन : कमरेइतक्या पाण्यात अंगाचा भार सुमारे निम्मा, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. म्हणून सुरुवात पाण्यात चालण्याने.

प्रकार : उताणे पोहणे सहसा सोसते. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मान उचलू नये, अख्ख्या अंगाने कुशीवर वळावे. बटरफ्लाय, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कमरेला बाक येतो, ते नंतर. किकबोर्ड धरून डोके वर ठेवले तरी तोच बाक.

सराव : एक लांबी, मग दम परत येईपर्यंत विश्रांती. सुरुवातीला १०-१५ मिनिटे, एक दिवसाआड.

अकोले येथे : प्रवरा नदीवर वरच्या अंगाला भंडारदरा आणि निळवंडे ही धरणे. त्यांतून पाण्याचे आवर्तन सुटले की नदीचा प्रवाह वाढतो, तेव्हा नदीत पोहू नये. विहिरीत उडी म्हणजे थेट कण्याला दणका.

धोका : पायात मुंग्या किंवा बधिरपणा आल्यास पोहणे थांबवून डॉक्टरांकडे. लघवीवरचा ताबा सुटल्यास तातडीने रुग्णालय.