सारस मोजून झाले, तलावांचे काय?

उन्हाळा सरता सरता गोंदियात सारस मोजले जातात. ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते, वनखात्याचे कर्मचारी आणि शेतकरी पहाटेच तलावांवर, नदीकाठांवर जाऊन बसतात. मग आकडा छापून येतो आणि वर्षभर चर्चा त्याच आकड्याभोवती फिरते. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून तर हे आकडे न्यायालयातही वाचले जातात. राज्यातले बहुतेक सारस याच जिल्ह्यात आहेत आणि ते पन्नासही नाहीत.

विजेच्या तारा, कीटकनाशके, बांधीतून उचलली जाणारी अंडी ही कारणे आता सगळ्यांना पाठ आहेत. सारस ज्या पाण्यावर जगतो, त्या पाण्याची तब्येत मात्र फारशी कुणी तपासत नाही.

के. एस. गोपी सुंदर या अभ्यासकाने सारसामागे उत्तर प्रदेशातली भातशेती वर्षानुवर्षे पालथी घातली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. भाताची बांधी सारसासाठी दुय्यम दर्जाचे घर आहे का, असा सरळ प्रश्न घेऊन त्यांनी घरटी तपासली आणि 2009 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसांची इतकी दाटी असलेल्या मुलखात जगातले सर्वाधिक सारस नांदतात, ते दोन गोष्टींमुळे. एक, शेतकरी त्यांना सहन करतो. दुसरी, शेतांच्या मधेमधे पाणथळ तुकडे अजून शिल्लक आहेत. गोंदियाच्या शेतकऱ्याने पहिली गोष्ट दाखवली आहे. खरी चिंता आहे ती दुसरीची.

इथले पाणथळ तुकडे म्हणजे माजी मालगुजारी, अर्थात मामा तलाव. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत ते सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, ढिवरांनी त्यांत मासे धरले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि देखभाल हळूहळू कुणाचीच उरली नाही. पाळीलगत बेशरमीची झुडपे माजली. रोहू-कटल्याचे बीज आले, देशी मासे मागे पडले. गाळ काढायला यंत्र उतरले की गाळासोबत तळातले कंद-मुळेही निघून जातात. तलाव खोल होतो, पण उजाड होतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मात्र वेगळे काही घडले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर ढिवरांसोबत बसले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला: कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती खातो, कोणत्या गवतात लपतो? उत्तरे ढिवरांना तोंडपाठ होती. त्यातूनच कामाची रीत ठरली. आधी बेशरम मुळासकट उपटायची. उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या तळाचे काही पट्टे नांगरून भुसभुशीत करायचे. पाऊस लागला की शेजारच्या धड तलावांतून वनस्पती आणून लावायच्या. गुडघाभर पाण्यात ओणव्या झालेल्या बायका हायड्रिला, व्हॅलिसनेरियाची रोपे चिखलात अंगठ्याने दाबत पुढे सरकतात, तेव्हा लांबून ती धानाची रोवणीच वाटते. काही काळ मासेमारी आवरायची. जिथे हे नेटाने झाले, तिथे देशी मासे परतले आणि त्यांच्या पाठोपाठ पाणपक्षीही.

परिसंस्थेचे पुनरुज्जीवन म्हणून विद्यापीठांत जे शिकवतात, ते या बायकांनी चिखलात उभे राहून केले आहे. त्याला संशोधनाइतकाच मान मिळायला हवा.

आणि हे काम पक्षी आहे तोवरच व्हायला हवे. थायलंडमध्ये सारस निसर्गातून पूर्ण नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयात वाढवलेले पक्षी 2011 पासून बुरीराम प्रांतात सोडण्यात आले आणि तिथल्या भातशेतात त्यांनी पुन्हा घरटी बांधली. पक्षी गमावल्यावर तो परत आणायला केवढा खटाटोप करावा लागतो, हे त्यातून दिसते. गोंदियात पक्षी अजून आहे.

अडचण एवढीच की अर्जुनीचे तलाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवरचे सारस उत्तरेला. ढिवरांची रीत वर न्यायची, तर त्या तलावांत आज काय उगवते, हे आधी कळायला हवे. पुढच्या गणनेच्या वहीत पक्ष्यांच्या संख्येशेजारी पाणवनस्पतींचा एक रकाना घालता येईल. तो भरायला जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची वनस्पतिशास्त्राची मुले आहेत, आणि त्यांना एकेक वनस्पती हातात धरून ओळखायला शिकवतील असे ढिवर तर गावोगाव आहेत.